दगड ओळखायचा कसा? फोनचा कॅमेरा, खानदेशातला काळा पाषाण आणि मामांचं कोरडं बोअर

या साइटवर आपण एरवी फोन, ॲप आणि सेटिंग्ज यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय जरा जमिनीतला आहे, पण सुरुवात फोनपासूनच झाली.

माझं गाव जळगाव, नोकरी पुण्यात, आणि मामांची शेती धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात. दोन वर्षांपूर्वी मामांनी शेतात बोअर घेतलं. 280 फूट खाली जाऊनही नुसती धूळ निघाली. पुढच्या उन्हाळ्यात दुसरं बोअर घ्यायचं ठरलं तेव्हा मी नेमका तिथे होतो. शेताच्या मधोमध एक बुटकं, सरळसोट दगडी टेकाड आहे, पूर्व-पश्चिम गेलेलं. मी तिथला एक दगड उचलला, फोनमधल्या दगड ओळखणाऱ्या ॲपने फोटो काढला आणि मामांना रुबाबात म्हणालो, "थांबा, आत्ता सांगतो हा खडक कोणता ते." शेजारच्या शेतातले आजोबा हसले. म्हणाले, "दगडले काय वळखानं शे भाऊ?"

ॲपने कोरड्या दगडाचं नाव सांगितलं 'बेसॉल्ट'. तोच दगड पाण्याने ओला केला तर 'ऑब्सिडियन'. फ्लॅश लावून फोटो काढला तर 'ग्रॅनाइट', तेही 91 टक्के खात्रीने. दगड एकच, माणूस एकच, फोन एकच आणि नावं तीन. त्यातलं एकही बरोबर नव्हतं, हे मला बऱ्याच नंतर कळलं. तोवर मी मामांना एक सल्ला देऊन बसलो होतो, आणि तो महागात पडला. त्याबद्दल पुढे सांगतोच.

ॲप का गोंधळतं?

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे आधी हा भाग. फोटो ओळखणाऱ्या मॉडेलला हजारो फोटो दाखवून शिकवलेलं असतं: हा बेसॉल्ट, हा ग्रॅनाइट, हा संगमरवर. मॉडेलच्या शेवटच्या टप्प्यावर बहुतेक वेळा 'सॉफ्टमॅक्स' नावाचं गणित असतं. ते प्रत्येक नावाला थोडे थोडे गुण वाटतं आणि सगळ्या गुणांची बेरीज शंभर टक्के करतं. गंमत अशी की "मला माहीत नाही" हे नाव बऱ्याचदा यादीतच नसतं. तुम्ही चपलेचा फोटो दिला तरी ते शंभर टक्के कुठल्या ना कुठल्या दगडांमध्येच वाटणार. म्हणून 91 टक्के म्हणजे "शंभरातल्या 91 वेळा मी बरोबर असतो" असं नाही. माझ्या यादीतल्या बाकीच्या नावांपेक्षा हे नाव जास्त जुळतंय, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी अडचण खुद्द दगडाची. कॅमेऱ्याला सगळ्यात आधी रंग आणि चमक दिसते, आणि दगडाच्या बाबतीत रंग हाच सगळ्यात फसवा पुरावा. आपला काळा पाषाण आतून काळा-करडा असतो, पण दोन-चार पावसाळे खाल्ले की बाहेरून तांबूस-तपकिरी होतो, कारण त्यातलं लोह गंजतं. ओला केला की काळाकुट्ट दिसतो. भूवैज्ञानिक खडकाला नाव देताना ज्या दोन गोष्टी बघतात त्या आहेत दाण्यांचा आकार आणि खनिजं. साध्या फोटोत नेमक्या त्याच दिसत नाहीत.

दोन प्रश्न, बस

अग्निज खडक म्हणजे वितळलेल्या रसापासून थंड होऊन बनलेला खडक. त्यांची नावं शेकडो आहेत, पण सगळी व्यवस्था दोन प्रश्नांवर उभी आहे.

पहिला प्रश्न: रस कुठे थंड झाला? जमिनीवर येऊन पसरला तर पटकन थंड होतो, स्फटिकांना वाढायला वेळ मिळत नाही आणि दाणे इतके बारीक राहतात की डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. जमिनीखाली खोल अडकून राहिला तर हजारो वर्षं हळूहळू थंड होतो आणि दाणे मोठे होतात, तांदळाएवढे किंवा हरभऱ्याएवढेसुद्धा. साखरेचा पाक आठवा: निवांत ठेवला तर खडीसाखरेचे खडे धरतात, भसकन थंड केला तर काचेसारखी गोळी होते. दगडाचंही तसंच. अगदी झटकन थंड झाला तर स्फटिक बनतच नाहीत, नैसर्गिक काच बनते. तिलाच ऑब्सिडियन म्हणतात.

ढोबळ माप असं: दाणे 1 मिलिमीटरपेक्षा लहान असतील तर बारीक दाण्यांचा, 1 ते 5 असतील तर मध्यम, आणि 5 च्या वर असतील तर मोठ्या दाण्यांचा खडक.

दुसरा प्रश्न: रसात काय होतं? इथे मुख्य हिशोब सिलिकाचा. सिलिका म्हणजे वाळू आणि काच ज्याची बनते तो पदार्थ. बेसॉल्टमध्ये सिलिका साधारण 45 ते 52 टक्के असते, ग्रॅनाइटमध्ये 70 च्या आसपास. सिलिका कमी असेल तर लोह आणि मॅग्नेशियम जास्त असतं, म्हणून खडक काळा आणि जड होतो. सिलिका जास्त असेल तर काचेसारखं क्वार्ट्झ आणि गुलाबी-पांढरं फेल्डस्पार दिसतं, खडक फिकट आणि जरा हलका होतो.

आता दोन्ही उत्तरं एकत्र करा. कमी सिलिकाचा रस जमिनीवर थंड झाला तर बेसॉल्ट. तोच रस जमिनीतल्या फटीत, मध्यम वेगाने थंड झाला तर डोलेराइट. आणि खूप खोल, सावकाश थंड झाला तर गॅब्रो. तिघांची रासायनिक कुंडली एकच, फरक फक्त वेळेचा. जास्त सिलिकाच्या रसाचंही तसंच: वर आला तर रायोलाइट, खाली राहिला तर ग्रॅनाइट. मधल्या सिलिकावाल्यांमध्ये वरचा अँडेसाइट आणि खालचा डायोराइट. शाळेत ही नावं घोकून पाठ केली असतील तर विसरून जा. दोन प्रश्न लक्षात ठेवा, नावं आपोआप येतात.

अभ्यासकांची पद्धत याहून बारीक आहे. मोठ्या दाण्यांच्या खडकात ते क्वार्ट्झ, दोन प्रकारची फेल्डस्पार आणि फेल्डस्पारसारखी काही खनिजं यांचं प्रमाण मोजून एका चौकटीत खडकाची जागा ठरवतात. ही चौकट स्विस शास्त्रज्ञ अल्बर्ट श्ट्रेकायझेन यांच्या नावाने ओळखली जाते. दाणे मोजता येत नाहीत इतके बारीक असतील तर प्रयोगशाळेत रासायनिक तपासणी करून सिलिका विरुद्ध सोडियम-पोटॅशियम असा आलेख काढतात. आपल्याला शेतात एवढं लागत नाही.

खानदेशात काय सापडतं?

धुळे-जळगावात तुम्ही उभे असाल तर पायाखाली बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट असते: सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी पसरलेला लाव्हा. या सगळ्या प्रदेशाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. सातमाळ्याच्या किंवा सातपुड्याच्या डोंगरांकडे लांबून बघा, एकावर एक ठेवलेल्या पायऱ्या दिसतात. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचा एक किंवा अनेक थर. आज हा लाव्हा सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर शिल्लक आहे.

पण "सगळा काळा दगडच आहे" असं म्हणून पुढे जाऊ नका. एकाच थरात तीन-चार तऱ्हा असतात आणि आपल्या विहीर खोदणाऱ्यांना त्या पुस्तकाशिवाय माहीत असतात. थराच्या मध्यभागी सलग, टणक, घणाने खणखण वाजणारा काळा पाषाण. खडी, डबर, पाटा-वरवंटा याच्यातून येतो. थराच्या वरच्या भागात बुडबुड्यांची भोकं, कारण लाव्हातला वायू वर जाऊन अडकला. नंतर त्या भोकांमध्ये पाण्यातून आलेली पांढरी, हिरवट खनिजं भरली की दगड ठिपक्याठिपक्यांचा, मऊ आणि ठिसूळ होतो. याला बरेच ठिकाणी मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मधे कधी कधी विटेसारखा लाल, चिकणमातीचा पट्टा सापडतो. एक लाव्हा येऊन गेल्यावर दुसरा येईपर्यंत मधल्या काळात जो वरचा भाग कुजला, तो पुढच्या लाव्हाखाली दाबला गेला, तोच हा पट्टा. आणि सगळ्यात वर मुरूम, म्हणजे पाषाणाचाच कुजलेला अवतार. मुरमात कधी कधी कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल गोळे दिसतात. तेही बाहेरून कुजत गेलेले बेसॉल्टचेच तुकडे.

त्या भोकांतली खनिजं हा वेगळाच विषय आहे. झिओलाइट आणि ॲपोफिलाइट यांचे स्फटिक जळगाव जिल्ह्यातल्या खदानींमधून, विशेषतः सावद्याकडून, जगभरातल्या संग्राहकांकडे गेलेले आहेत. परदेशातल्या खनिजांच्या दुकानात 'जळगाव' अशी चिठ्ठी लावलेला हिरवा स्फटिक दिसला तर दचकू नका. आपल्याकडे तोच क्रशरमध्ये जातो.

एक सूचना. नदीतला गोटा हा त्या जागेच्या खडकाचा पुरावा धरू नका. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि वाटेत वेगवेगळे खडक ओलांडून येते. तसंच यावल-रावेरचा केळीचा पट्टा घ्या. तिथे पायाखाली तापीचा जाड गाळ आहे, काळा पाषाण त्याच्या पार खाली. म्हणून तिथल्या पाण्याचं गणित साक्रीच्या गणिताशी जुळत नाही. तिकडच्या पाहुण्यांनी बोअरबद्दल दिलेला सल्ला इकडे चालेलच असं नाही.

टेकाड म्हणजे नेमकं काय होतं?

आता मामांच्या शेताकडे या. ते बुटकं टेकाड म्हणजे डाइक. पुस्तकी मराठीत भित्ती. जमिनीला पडलेल्या उभ्या फटीत वितळलेला रस घुसला आणि तिथेच थिजला, की खडकात एक उभी भिंत तयार होते. आजूबाजूचा मांजऱ्या दगड मऊ असल्याने झिजून गेला, भिंत टणक असल्याने टेकाड होऊन उभी राहिली.

अशा भिंती धुळे-नंदुरबार भागात किती असाव्यात? आयआयटी मुंबईचे हेतु शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुमारे 14,500 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात एक किलोमीटरहून लांब अशा 210 भिंती नोंदवल्या आहेत. जाडी 3 मीटरपासून 62 मीटरपर्यंत. सगळ्यात लांब भिंत 79 किलोमीटर, म्हणजे जळगाव ते धुळे अंतराहून थोडीच कमी. जवळजवळ सगळ्या उभ्या, आणि दिशा सरासरी जवळजवळ अचूक पूर्व-पश्चिम. मोठ्या भिंतींमधून वर आलेल्या रसाने वरचे प्रचंड लाव्हाथर पसरवले असावेत, असंही त्यांचं म्हणणं आहे. थोडक्यात, मामा ज्या टेकाडावर बसून बिडी ओढतात ती एक थिजलेली पाइपलाइन आहे.

हे बघायला फोन खरंच कामाचा आहे, पण कॅमेरा नाही, नकाशा. नकाशाच्या ॲपमध्ये सॅटेलाइट दृश्य लावा, साक्री ते पारोळा हा भाग उघडा आणि हळूहळू झूम करा. नदी वळते, रस्ता वळतो, शेताचे बांध वाकडे असतात. या सगळ्यात पट्टीने ओढल्यासारखी पूर्व-पश्चिम गडद रेघ दिसली, जिच्यावर शेती नाही आणि नुसती झुडपं आहेत, की ती डाइक असण्याची शक्यता चांगली. उन्हाळ्यातलं चित्र असेल तर आणखी स्पष्ट दिसते. मला मामांच्या टेकाडाची रेघ पुढे तीन गावांपर्यंत दिसली. तेव्हा हे पहिल्यांदा बघून मी जेवण विसरलो होतो.

नकाशावर दिसलं की पायांनी तपासा. भिंतीच्या कडेपासून मध्याकडे चालत जा आणि दर काही पावलांवर ताज्या फुटलेल्या दगडाचा तुकडा बघा. कडेला रस थंड खडकाला चिकटल्याने पटकन थिजला, म्हणून तिथे दाणे दिसत नाहीत. मध्यावर सावकाश थिजला, म्हणून तिथे मिठाच्या खड्यांसारखे दाणे चमकतात. म्हणजे वीस-तीस पावलांत तुम्ही बेसॉल्टपासून डोलेराइटपर्यंत पोचता. वर मी ज्या पहिल्या प्रश्नाबद्दल बोललो त्याचं याहून चांगलं प्रात्यक्षिक माझ्या माहितीत नाही. मी ॲपला दाखवलेला दगड मध्यावरचा होता: डोलेराइट. बेसॉल्ट हे उत्तर त्यातल्या त्यात जवळचं, ग्रॅनाइट तर पार दुसऱ्या टोकाचं.

आणखी एक खूण. थंड होताना खडक आक्रसतो आणि त्याचे खांब पडतात. हे खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात असतात. लाव्हा आडवा पसरलेला असेल तर खांब उभे. भिंत उभी असते, म्हणून तिच्यात खांब आडवे पडतात, लाकडाच्या वखारीत ओंडके रचल्यासारखे. रस्त्याच्या कटिंगमध्ये आडव्या ओंडक्यांची रास दिसली तर तिथे डाइक असण्याचा दाट संभव असतो.

मी दिलेला चुकीचा सल्ला

टेकाडावर उभ्या भेगा दिसत होत्या. मी फोनवर वाचलं होतं की पाषाणात पाणी भेगांमध्ये असतं. हे खरं आहे, काळ्या पाषाणाच्या दाण्यांमध्ये पाणी मुरायला जागा नसतेच. मग मी म्हणालो, "मामा, टेकाडाला चिकटूनच घ्या, भेगा आहेत, पाणी तिथेच असणार." मामांनी ऐकलं. शिकलेला भाचा ना! 210 फुटांपर्यंत गाडीने करडी, कोरडी भुकटी उडवली. वरच्या भेगा खाली जाऊन मिटल्या होत्या. चाळीस हजारांच्या वर खर्च झाला. मामा काही बोलले नाहीत. मामी बोलल्या, आणि बरोबरच बोलल्या.

त्यानंतर जमिनीत वीज सोडून रोध मोजणारे एक भूवैज्ञानिक येऊन गेले. त्यांनी आधी यंत्र काढलंच नाही. शेतातून चालले, उतार कुठे आहे ते विचारलं आणि दोन्ही बाजूंच्या विहिरी बघितल्या. उतार उत्तरेकडून दक्षिणेकडे आहे. मुरूम आणि मांजऱ्यातून झिरपणारं पाणी उतारावरून येतं आणि या भिंतीला अडतं, बंधाऱ्याला अडतं तसं. म्हणजे पाणी भिंतीच्या वरच्या अंगाला, उत्तरेला. पहिलं बोअर होतं दक्षिणेला. दुसरं, माझ्या कृपेने, थेट बंधाऱ्याच्या भिंतीतच. उत्तरेला मामांच्या वडिलांनी खोदलेली विहीर होती. तिला मार्चपर्यंत पाणी असायचं, म्हणून ती "कामाची नाही" असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. यंत्राची मापं घेतल्यावर ते म्हणाले की तिसरं बोअर नको, हीच विहीर साफ करा आणि थोडी खोल करा. गाळ काढून बारा फूट खोल केली. यंदा एप्रिलच्या शेवटापर्यंत रोज दोन तास मोटर चालली. फार नाही, पण आधी तेवढंही नव्हतं.

इथे एक गोष्ट ठळक सांगतो, कारण हा लेख वाचून कोणी माझ्यासारखं करू नये. "भिंतीच्या वरच्या अंगाला पाणी" हा कायदा नाही. काही भिंती इतक्या तडकलेल्या असतात की त्याच पाणी वाहून नेतात. काहींच्या फक्त कडा तडकलेल्या असतात. कुठली कशी आहे हे शेतात बघून आणि मोजूनच कळतं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा याच कामासाठी आहे आणि तिचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून पाणी मुरवण्याचं जे काम 'शिरपूर पॅटर्न' म्हणून गाजलं, ते उभं करणारे सुरेश खानापूरकरही याच यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक. त्यांच्याही कामाचा पाया हाच होता: कुठला थर पाणी मुरू देतो आणि कुठला अडवतो.

बोअर चालू असताना मात्र तुमच्या फोनने एक मोठं काम होऊ शकतं. दर दहा फुटांनी निघालेल्या भुकटीची मूठ कागदावर ठेवा, शेजारी फूट लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि फोटो काढा. करडी सलग भुकटी म्हणजे टणक पाषाण, पांढऱ्या ठिपक्यांची म्हणजे मांजऱ्या, विटकरी लाल म्हणजे दोन थरांमधला पट्टा. पुढच्या वेळी कोणी तज्ज्ञ आला तर या फोटोंसाठी तो तुम्हाला चहा पाजेल. आमच्याकडे एकाही बोअरचे असे फोटो नाहीत.

घरी करता येतील अशा तपासण्या

आधी ताजा तुकडा घ्या. बाहेरची गंजलेली साल बघून काहीच ठरवू नका. हातोडीने कपचा काढताना डोळ्यांवर चष्मा हवाच, दगडाची कपची गोळीसारखी उडते. आणि किल्ला, लेणी, मंदिर इथला दगड अजिबात फोडू नका. अजिंठ्याची लेणीही याच काळ्या पाषाणात कोरलेली आहेत. तिथे नुसते डोळे वापरा, भिंतींमधली बुडबुड्यांची भोकं आणि त्यात भरलेली पांढरी खनिजं काही ठिकाणी छान दिसतात.

दाणे बघायला दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनार वापरतात तसं. ते नसेल तर फोनचा मॅक्रो मोड लावा. उन्हात, पण ऊन तिरकं पडेल असं धरा आणि तुकडा हळूहळू फिरवा. स्फटिकाचा सपाट चेहरा एका कोनात आरशासारखा चमकून जातो. डोलेराइटमध्ये अशा असंख्य चमका दिसतात, बेसॉल्टमध्ये जवळजवळ नाहीत. फोटोत नाणं ठेवा म्हणजे मापाचा अंदाज येतो. पांढरट लांबुडक्या काड्या दिसल्या तर ते प्लेजिओक्लेज, काळे ठोकळे म्हणजे पायरोक्सीन, बाटलीच्या काचेसारखा हिरवट दाणा म्हणजे बहुधा ऑलिव्हीन.

मग वजन. ही माझी सगळ्यात आवडती तपासणी, कारण हिच्यात मत चालत नाही, आकडा येतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. दगडाचं कोरडं वजन लिहून ठेवा. आता काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तेवढे घन सेंटिमीटर दगडाचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा, झाली घनता. माझ्या दगडाचं वजन 870 ग्रॅम, पाण्यातला आकडा 300, म्हणजे घनता 2.9. ताजा बेसॉल्ट आणि डोलेराइट साधारण 2.8 ते 3.0 च्या दरम्यान येतात, ग्रॅनाइट 2.6 ते 2.7. ॲपच्या 91 टक्के ग्रॅनाइटचा निकाल इथेच लागला. भोकांचा किंवा कुजलेला दगड मात्र हलका भरतो, तेव्हा टणक तुकडाच घ्या.

चुंबक: छोटं पण जोरदार चुंबक दोऱ्याला टांगा आणि दगड हळूच जवळ न्या. आपल्या पाषाणात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज बारीक कणांत असतं, त्यामुळे चुंबक किंचित ओढलं जातं. मला फोनच्या होकायंत्राने डाइक पकडायची फार हौस होती. फोनमध्ये चुंबकीय सेन्सर असतोच, आणि आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र चाळीस-पंचेचाळीस मायक्रोटेस्ला भरतं. पण खिशातल्या किल्ल्या, मनगटावरचं घड्याळ, शेताचं तारेचं कुंपण यांनीच आकडा इतका नाचतो की भिंतीचा परिणाम त्यात हरवतो. प्रयोग म्हणून करा, निष्कर्ष काढू नका. आणि ते जोरदार चुंबक फोनजवळ नेऊ नका.

पांढऱ्या खनिजासाठी खिळा आणि व्हिनेगर. खिळ्याने सहज ओरखडा उठला आणि त्या भुकटीवर व्हिनेगर टाकल्यावर फसफसलं तर कॅल्साइट. फसफसत नाही आणि उलट तेच काचेवर ओरखडा उठवतं, तर क्वार्ट्झच्या घराण्यातलं.

मग ओट्यावरचा 'काळा ग्रॅनाइट'?

तो दुकानातला ग्रॅनाइट आहे, भूशास्त्रातला नाही. दगडाच्या व्यापारात पॉलिश घेणारा जवळजवळ कुठलाही टणक दगड ग्रॅनाइट म्हणून विकला जातो. ओट्याचा काळा दगड बऱ्याचदा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे आपल्या टेकाडाचाच लांबचा भाऊ, बहुधा दक्षिणेकडून आलेला. यात फसवणूक वगैरे काही नाही, दोन धंद्यांचे दोन शब्दकोश आहेत इतकंच. ॲपला शिकवताना जर दुकानांच्या साइटवरचे फोटो वापरले असतील, तर फ्लॅशने चमकलेला काळा दगड त्याला ग्रॅनाइट वाटणार, हेही साहजिक. हा माझा अंदाज आहे, पण धंद्यातल्या अनुभवातून केलेला.

तुमच्या गावाखाली अधिकृत नकाशात कुठला खडक दाखवलाय ते बघायचं असेल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं 'भूकोश' हे पोर्टल आहे, नकाशे तिथे ऑनलाइन बघता येतात. फोनवर ते चालवणं म्हणजे संयमाची परीक्षा. लॅपटॉप असेल तर तो घ्या.

मामांना आता या सगळ्याचा नाद लागलाय. परवा त्यांनी व्हॉट्सॲपवर एक काळा, चकचकीत, भोकाभोकांचा जड गोळा पाठवला आणि खाली लिहिलं, "उल्का आहे का?" प्रश्न अगदीच वेडा नव्हता. 1843 साली खानदेशातच मानेगाव इथे खरोखर उल्कापाषाण पडला होता, आणि तोही अग्निज: डायोजेनाइट नावाचा, ज्याचं मूळ वेस्टा या लघुग्रहात असावं असं मानतात. पण उल्कापाषाणात अशी बुडबुड्यांची भोकं सहसा नसतात, आणि फुटलेल्या कडेला काच चमकत होती. मी विचारलं, कुठे सापडला? म्हणाले, नव्या रस्त्याच्या भरावात. तो भट्टीतला स्लॅग होता. मामांनी तो टाकला नाही, मोटरच्या पेटीवर वजन म्हणून ठेवलाय.